आगाऊ भरलेली वही

"काका, आज वार कोणता?"

"गुरुवार."

"मग येत्या शनिवारी तुम्हाला राग आला नाही, हे तुम्ही आजच कसं लिहिलं?"

मल्हारी गांगुर्डे आधीच खुर्चीच्या कडेवर बसला होता, तो आणखी थोडा कडेला सरकला. चैताली मॅडमनी वही त्याच्याकडे फिरवून टेबलावर ठेवली. मागच्या गुरुवारी त्यांनीच ती त्याला दिली होती. राग आला की त्यात लिहायचं होतं: कधी आला, कशावरून आला, किती आला आणि मग काय केलं. मल्हारीने पट्टीने रकाने आखले होते. अक्षर वळणदार, खाडाखोड नाही. सोमवार ते रविवार सात ओळी एकाच पेनाने, एकाच बैठकीत भरलेल्या, आणि सातही ओळींच्या शेवटी एकच शेरा होता: सुरळीत.

फसवायचा त्याचा विचार नव्हता, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. तो पालिकेत व्हॉल्व्हमन होता. रस्त्याखालच्या चेंबरमध्ये छातीएवढी लोखंडी चावी घालायची, फिरवून गल्लीचं पाणी सोडायचं, पाव तासाने बंद करायचं आणि पुढच्या गल्लीकडे जायचं, हे काम तो सव्वीस वर्षं करत होता. पाणी किती वाजता सोडलं, किती वाजता बंद केलं, दाब कसा होता, याची एक वही असते. ज्या लहानू नावाच्या जुन्या माणसाच्या हाताखाली तो शिकला, त्याने पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं की रोज रोज तेच काय लिहायचं, सोमवारी बसून आठवड्याचं उरकून टाकावं. लहानू जाऊन बारा वर्षं झाली, रीत मागे राहिली.

"पाण्याची वही मी अशीच भरतो," मल्हारी म्हणाला. "हात तसाच वळला, मॅडम."

मॅडम तिशीच्या होत्या आणि त्यांना सर्दी झाली होती. आलेलं हसू त्यांनी रुमालात लपवलं. मग शुक्रवार, शनिवार, रविवार या तिन्ही ओळींवर रेघ मारून म्हणाल्या की राग येऊन गेल्यावर लिहायचं, आधी नाही. मल्हारीने मान हलवली. त्याचं लक्ष वहीकडे नव्हतंच. सहापैकी दोन भेटी झाल्या, हा हिशोब तो मनात करत होता. सहा झाल्या की त्याची बायको सुमन घरी येणार होती.

निदान त्याचा तसा समज होता. सुमनबाईंनी मुलाबरोबर, म्हणजे प्रफुल्लबरोबर, निरोप धाडला होता तो एवढाच: "आधी डॉक्टरला दाखवा. ते सांगतील तेवढ्या वेळा जाऊन या. मग बघू." दवाखान्यात सहा भेटी सांगितल्या. 'मग बघू'चा अर्थ मल्हारीने 'मग येते' असा लावला. माणूस आपल्याला हवं तेवढंच ऐकतो, त्यात त्याचा वेगळा दोष नाही.

घडलं होतं ते असं. नोव्हेंबरात एका सकाळी मोठी लाईन फुटली. अकरा गल्ल्यांना पाणी गेलं नाही आणि अकरा गल्ल्यांनी मल्हारीला धरलं. पहिल्या गल्लीत एका निवृत्त साहेबांचा बंगला होता. त्यांनी त्याला फाटकाबाहेर अर्धा तास उभं केलं, इंजिनियरला फोन लावला, फोन स्पीकरवर टाकला आणि त्याच्याकडून माफी मागून घेतली. मल्हारीने हात जोडले, हसला, "चुकलं साहेब" म्हणाला. दुपारी तीनला तो घरी पोचला. सुमनबाईंनी विचारलं, "आपल्याकडं पण पाणी नाय आलं का?" त्यांचं घर अकराव्या गल्लीत, शेवटचं. प्रश्न साधाच होता.

मल्हारीने हाताला लागला तो पितळी तांब्या भिरकावला. तांब्या सुमनबाईंनी वर केलेल्या मनगटाला लागून भिंतीवर गेला आणि बाबासाहेबांच्या फोटोची काच तडकली. ते बघून मल्हारीला स्वतःची इतकी शरम वाटली की त्याने फोटो उतरवला, टॉवेलमध्ये गुंडाळला, तसाच फ्रेमवाल्याकडे गेला आणि दिवेलागणीच्या आत नवी काच बसवून आणली. चार दिवसांनी प्रफुल्ल सहज म्हणून आला, आईचं सुजलेलं मनगट त्याने बघितलं आणि तो तिला दवाखान्यात घेऊन गेला. हाड चिरलं होतं. प्लास्टर घालून त्याने आईला परस्पर पाथर्डी फाट्याला, आपल्या घरी नेलं. त्या दिवसापासून मल्हारी एकटा होता.

डॉक्टरकडे जायचं म्हटल्यावर आधी तो भडकलाच. मी काय वेडा आहे का, असं त्याने प्रफुल्लला फोनवर विचारलं. प्रफुल्ल म्हणाला, "पप्पा, तुम्ही ओरडताय," आणि त्याने फोन ठेवला. तेव्हा कुठे मल्हारी पालिकेच्या दवाखान्यात गेला. दर गुरुवारी वरच्या मजल्यावर एका खोलीत चैताली मॅडम बसत. त्या खोलीत पूर्वी डोळे तपासत असावेत, कारण लहान होत जाणाऱ्या अक्षरांचा तक्ता अजून भिंतीवर होता. अडचण अशी की दवाखाना त्याच्याच हद्दीत होता. रांगेत निम्मी माणसं ओळखीची. म्हणून मल्हारी लोखंडी चावी खांद्यावर टाकून जायचा, म्हणजे लोकांना वाटावं की टाकीचं काम बघायला आला आहे. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच. त्याचं फळही त्याला मिळालं. पहिल्याच दिवशी तिथल्या शिपायाने त्याला गच्चीवर नेलं आणि गळणारा नळ दाखवला. मल्हारीने तो मुकाट दुरुस्त केला आणि मग मॅडमपुढे जाऊन बसला.

चौथ्या भेटीला मॅडमनी बंगल्यातल्या साहेबांचा विषय काढला. माफी मागताना राग आला होता का, असं विचारलं.

"लय आला," मल्हारी म्हणाला. "कान तापले पार."

"मग काय केलं?"

"काय करणार? हात जोडले."

"म्हणजे आवरला."

"आवरावाच लागतो ना, मॅडम. तिथं कसा काढणार? नोकरीचा प्रश्न हाय."

मॅडम पेनाचं टोपण दातात धरून त्याच्याकडे बघत राहिल्या. खाली कोणीतरी केसपेपरचे नंबर पुकारत होतं. मल्हारीने आपलं बोलणं आपल्याच कानांनी पुन्हा ऐकलं. गेले तीन गुरुवार तो एकच सांगत होता, की राग आला की मला आवरतच नाही, माझ्या हातात काही राहत नाही. सव्वीस वर्षं गल्लीगल्लीतून लोकांनी काय काय ऐकवलं होतं. कोणी आईबहिणीवरून बोललं, कोणी सुट्टीच्या दिवशी घरी येऊन दार वाजवलं. एकदाही त्याने कोणावर हात उगारला नव्हता. उलट 'मल्हारीदादा म्हणजे गरीब गाय' असं लोक म्हणायचे.

घरी जाताना त्याने बस सोडून दिली आणि चालत निघाला. पाण्याला कोणी शिकवावं लागत नाही, ते उताराकडेच जातं, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? त्याची आई कुसाबाई म्हणायची, वड्याचं तेल वांग्यावर. बापाबद्दल म्हणायची, तेही बाप घरात नसताना. बाप बाजार समितीत हमाल होता आणि तिथे तोही गरीब गायच होता. मल्हारीला रस्त्यातच लाज वाटली. ती फोटोची काच तडकल्यावर वाटली होती तशी नव्हती. ही लाज कुठे जाऊन बदलून आणता येणार नव्हती.

त्या आठवड्यापासून वहीत खरं उतरायला लागलं. पाचव्या भेटीला मॅडमनी वही वाचली. मंगळवारी सकाळी सातला चौथ्या गल्लीतली एक बाई त्याला कामचोर म्हणाली होती. राग बराच आला. काय केलं या रकान्यात लिहिलं होतं: चावी आपटली, चेंबरचं झाकण फुटलं, झाकण बदललं. बुधवारी दूध उतू गेलं. त्यापुढे लिहिलं होतं: पातेलं फेकणार होतो, पण घरात कोणी नाही, मग फेकून काय उपयोग, म्हणून ठेवलं.

ही ओळ मॅडमनी दोनदा वाचली. "हे लिहिताना काय वाटलं?" असं त्यांनी विचारलं. मल्हारी डोळ्यांच्या तक्त्याकडे बघत म्हणाला की लिहून झाल्यावर जेवण गेलं नाही.

निघताना त्याने दाखल्याचं विचारलं. पुढच्या गुरुवारी सहा पूर्ण होतात, तर राग गेल्याचा दाखला मिळेल ना, सही-शिक्का असला म्हणजे झालं. मॅडम म्हणाल्या की असा दाखला नसतो. आणि सहा भेटी म्हणजे गोळ्यांचा कोर्स नव्हे, पुढेही यावं लागेल. मल्हारीला ते पटलं नाही. सरकारी जागेत सहा वेळा यायचं आणि कागद मिळायचा नाही, हे त्याने पहिल्यांदाच ऐकलं. त्याने आग्रह धरला तेव्हा मॅडम म्हणाल्या, काकूंना यायचं असेल तर पुढच्या वेळी त्यांनाही बोलवा. मल्हारी एकदम खूश झाला. दाखल्यापेक्षा हे बरं, असं त्याने मनाशी ठरवूनही टाकलं.

मधले सहा दिवस त्याने घरात काढले म्हणायला हरकत नाही. कामावरून आला की लागला कामाला. स्वयंपाकघराला आकाशी रंग दिला. साऱ्या उपनगराचं पाणी बघणाऱ्या माणसाच्या घरचा नळ चार वर्षं ठिबकत होता, त्याचा वायसर बदलला. पोचा आलेला तांब्या माळ्यावर अगदी मागे सारला. सुमनबाईंची उशी उन्हात ठेवली. शेजारच्या सविताने विचारलं, "वहिनी येताय वाटतं?" तो म्हणाला, "गुरुवारी." याही ओळीची नोंद त्याने आगाऊच करून टाकली होती, पण ते त्याच्या ध्यानात आलं नाही.

गुरुवारी तो चावी न घेता गेला. रांगेत चौथ्या गल्लीतला एक जण भेटला. आज टाकी बघायला का, म्हणाला. मल्हारीने सांगितलं, "नाय. वरच्या मॅडमकडं येतो मी. रागासाठी." तो माणूस नुसता खोकला. मल्हारी जिना चढला.

सुमनबाई आधीच येऊन बसल्या होत्या. प्रफुल्ल बाहेर बाकावर थांबला. प्लास्टर निघालं होतं, पण उजवं मनगट थोडं वाकडं जुळलं होतं आणि पदराखाली ते झाकायची त्यांना सवय लागली होती. दोन महिन्यांत त्यांचा चेहरा भरला होता. मल्हारीने ते बघितलं. आपल्याशिवाय बायकोची तब्येत सुधारली, ही गोष्ट कोणाही नवऱ्याला पचायला जड असते.

मॅडमनी थोडक्यात सांगितलं की काका नेमाने आले, एकदाही चुकले नाहीत, वहीत खरं लिहायला लागले. मग सुमनबाईंना म्हणाल्या की तुम्हाला बोलायचं असेल तर बोला, नसेल तर नका बोलू.

सुमनबाई मॅडमकडे बघूनच बोलल्या. आवाज चढला नाही की भरूनही आला नाही.

"हे इथं आले, त्याचं मला बरं वाटलं. खरंच वाटलं. आमच्यात असं कोणी येत नाय. पण मॅडम, फोटोची काच ह्यांनी त्याच दिवशी बदलून आणली. बाबासाहेबांपेक्षा मी काय मोठी नाय. चार दिवस मला भाकरी थापता येत नव्हती, तर मी भात टाकायची. तिसऱ्या दिवशी हे म्हणाले, रोज रोज भातच काय. हाताकडं नाय बघितलं."

मल्हारीला तो भात आठवला. आपण काय म्हणालो तेही आठवलं. वाटीतली आमटी पातळ होती, हेसुद्धा आठवलं. हात कसा होता ते काही केल्या आठवेना.

"आन ती चावी," सुमनबाई म्हणाल्या. "घरी आले का दाराबाहेर पायरीपाशी ठेवायचे. आतून मला आवाजावरून कळायचं. हळू ठेवली म्हंजे ठीक हाय. आपटली का मी टीव्ही बंद करायची, पोराला आत घ्यायची, गॅस बारीक करायची. सव्वीस वर्सं मी त्या आवाजाला कान लावून बसले. आता प्रफुल्लकडं दुपारची मला झोप लागती. एवढीच गोष्ट हाय."

"मी बदललोय, सुमन," मल्हारी म्हणाला. "मॅडमला विचार."

"बदलला असाल. चांगलं हाय. पण मी येत नाय."

मल्हारीचे कान तापले. ओळखीचा राग होता तो. आकाशी रंग, नळ, उन्हातली उशी, सहा गुरुवार, रांगेत चौथ्या गल्लीतल्या माणसापुढे दिलेली कबुली, सगळं त्या रागात उसळलं. टेबलावर काचेचा पेपरवेट होता. मॅडमची नजर एकदा त्यावरून फिरून गेली, पण त्यांनी तो हलवला नाही. सुमनबाईंनी मात्र नकळत उजवं मनगट छातीशी घेतलं.

मल्हारीने ते बघितलं. या वेळी बघितलं. त्याने दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि तसाच बसून राहिला. खाली तीन-चार नंबर पुकारून झाले असतील.

"हात दुखतो का अजून?" त्याने विचारलं.

"थंडीत दुखतो," सुमनबाई म्हणाल्या.

जाताना सुमनबाईंनी जवारीचं पीठ संपलं असेल तर दळण कुठल्या डब्यात आहे ते सांगितलं. प्रफुल्लने वाकून पाया पडल्यासारखं केलं आणि आईला घेऊन गेला. मॅडमनी वही परत दिली. पुढच्या गुरुवारी येणार का, असं त्यांनी विचारलं. मल्हारी म्हणाला, "आता कशासाठी?" जिन्याच्या तोंडाशी जाऊन मल्हारीच परत फिरला आणि म्हणाला, "अकरा वाजताच ना?"

चारला पाणी होतं. घरी जाऊन त्याने चावी घेतली आणि पहिल्या गल्लीपासून सुरुवात केली. बंगल्यातल्या साहेबांनी फाटकातून दोन मिनिटं उशीर झाल्याचं सांगितलं. मल्हारी म्हणाला, "हो, दोन मिनिटं झाला." हात जोडले नाहीत, हसलाही नाही. साहेब आणखी काही बोलतील म्हणून तो थांबला, पण ते आत गेले.

अकराव्या गल्लीला सगळ्यात शेवटी पाणी सोडून तो चेंबरच्या कडेला बसला आणि त्याने पिशवीतून वही काढली. गुरुवार, दुपारी बारा. सुमन नाही म्हणाली. राग खूप आला. काय केलं या रकान्यात त्याने लिहिलं: हात दाबून बसलो. पेन सवयीने खालच्या ओळीवर गेलं आणि त्याने 'शुक्र' एवढं लिहिलं. मग थांबला, त्यावर एक बारीक रेघ मारली आणि वही मिटली. नळांना पाणी चढल्याचा आवाज घराघरातून येत होता. पाव तास भरल्यावर त्याने व्हॉल्व्ह बंद केला.

घरापाशी आल्यावर त्याने चावी खांद्यावरून दोन्ही हातांनी उतरवली आणि पायरीपाशी भिंतीला टेकवली. आवाज झाला नाही. झाला असता तरी ऐकायला आत कोणी नव्हतं. कुलूप काढून तो आत गेला, दिवा लावला, हातपाय धुतले आणि भात टाकला.